निव्वळ वजन

नानांच्या सॅकमध्ये चुरमुरे भरले जात होते तेव्हा मी तिथं हजर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर हा किस्सा ऐकला की लोकांना वाटतं मी तो रचलाय.

रविवारची सकाळ. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतला नानांचा हॉल. मधोमध सतरंजी, सतरंजीवर आ वासलेली नवी कोरी राखाडी सॅक, शेजारी मंडईतून आणलेलं चुरमुऱ्यांचं पोतं, आणि नानांच्या हातात एक लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं माप. त्यांच्या आईनं सदाशिव पेठेतल्या वाड्यात ज्यानं उभा जन्म दूध मोजून घेतलं, तेच. नाना माप भरायचे, वरून फूटपट्टीनं सपाट करायचे, सॅकमध्ये ओतायचे आणि आकडा म्हणायचे. मी आत गेलो तेव्हा ते छत्तिसावर होते, त्यामुळं 'ये' म्हणण्याऐवजी त्यांनी नुसता तळहात दाखवला.

"कंपनी म्हणते चाळीस लिटर," शेवटचं माप ओतून झाल्यावर ते म्हणाले. "भरले साडेसदतीस. वरचा कप्पा धरून."

"नाना, कापडाची पिशवी ती. थोडं इकडंतिकडं होणारच."

"गवळ्यानं अडीच लिटर कमी घातलं असतं तर असंच म्हणाला असतास?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. गंमत म्हणजे परदेशात सॅकचं माप काढायची जी रीतसर पद्धत आहे, तीही फार निराळी नाही. तिथं प्लास्टिकच्या बारक्या गोळ्या भरून मोजतात. नानांना हे ठाऊक होतं. "पण गोळ्या नंतर खाता येत नाहीत," एवढाच त्यांचा त्या पद्धतीवर आक्षेप. त्यानंतर महिनाभर आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडंही गेलं की भडंगच पुढ्यात यायचं.

नाना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. त्याआधीची चौतीस वर्षं ते पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. स्टोअर्सचा माणूस हा एक स्वतंत्र जीव आहे. उत्पादनवाल्याला वस्तू तयार व्हावी असं वाटतं, विक्रीवाल्याला ती खपावी असं वाटतं. स्टोअर्सवाल्याला ती जागेवर असावी असं वाटतं. कुणी बोल्ट मागायला आला की त्याच्या पोटात कालवतं. इश्यू स्लिप, बिन कार्ड, गेटपास या तीन कागदांवर नानांची अख्खी नोकरी झाली, आणि सॅकच्या निमित्तानं तिघांनाही पुन्हा चांगले दिवस आले. त्यांच्या वहीत प्रत्येक मोज्याच्या नावानं ओळ होती: नग, वजन ग्रॅममध्ये, कप्पा क्रमांक, शेरा. एका ओळीपुढं शेरा होता, 'डावा. अंगठ्याशी विरळ.'

हे एकटे नाना आहेत असं समजू नका. कर्वेनगर, सहकारनगर, बाणेर, औंध, कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एक सॅकवाले काका निघतातच. वय साधारण पासष्ट ते बहात्तर. मुलगा किंवा मुलगी म्युनिक, स्टुटगार्ट, आइंडहोव्हन अशा ठिकाणी. तरुणपणी राजगड, तोरणा झालेले. गुडघा हल्ली थोडा बोलतो, पण त्याचं ऐकत नाहीत. यांना टूर कंपनीबरोबर जायचं नसतं. बस उभी राहील तिथं उतरायचं आणि झेंडेवाली बाई सांगेल तिकडं मान वळवायची, हे यांना अपमानास्पद वाटतं. (झेंडेवाली बाई दुपारी वरण-भात मिळवून देते, हा मुद्दा यांच्या बायका मांडतात. तो विचारात घेतला जात नाही.) यांना रेल्वेनं हिंडायचं असतं, स्वतःचं वेळापत्रक स्वतः करून, पाठीवर एक सॅक टाकून. त्यातली 'सॅक' एवढी पक्की होते की बाकीचं वाक्य बऱ्याचदा राहूनच जातं.

नानांच्या सॅकनिष्ठेला कारण होतं. पहिल्यांदा लेकीकडं गेले तेव्हा परंपरेप्रमाणे तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भरल्या होत्या. त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दिवाळीचा अख्खा फराळ आणि नातवासाठी पाटी. परतीच्या आधी आठवडाभर फिरायला निघाले, तर कुठल्याशा स्टेशनात गाडी बदलायला मिनिटं चार, लिफ्ट बंद, जिना दगडी आणि हमाल नावाची जातच नाही. नानांनी एक बॅग वर नेली, दुसरी आणायला खाली आले, तोवर वरची गाडी गेली. मग गावात पोहोचल्यावर तिथल्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर एका बॅगेच्या चाकानं प्राण सोडला. उरलेल्या तीन चाकांवर ती बॅग सारखी डावीकडं जायची आणि नाना उजवीकडं. त्या रस्त्यावर उभं राहून त्यांनी चाक या शोधाशी संबंध तोडला.

या विषयावर त्यांचं एक छोटं व्याख्यानच आहे. १९७२ साली युरोपात इंटररेल पास निघाला, एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरापोरींनी महिनाभर रेल्वेनं मनसोक्त भटकावं म्हणून. त्याच वर्षी अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाच्या गृहस्थाला चाकांच्या सुटकेसचं पेटंट मिळालं. नानांच्या मते मानवजात त्या वर्षी दुभंगली, पाठीवाले आणि चाकवाले.

"आणि आपल्याकडं?" मी विचारलं.

"आपल्याकडं दुष्काळ. मी पंधरा वर्षांचा होतो. सुकडी खाल्लेली आठवते. सामानाचा प्रश्नच नव्हता."

दुभंगलेल्या मानवजातीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे काकू. त्यांच्याकडं तांबड्या रंगाची चाकाची बॅग आहे आणि ती त्या सोडणार नाहीत. "मी माझी ओढीन, तुम्ही तुमची वाहा," एवढं बोलून त्यांनी चर्चा पहिल्याच दिवशी संपवली. नानांनी ती पुढं चार महिने एकट्यानं चालू ठेवली.

सॅक निवडायला दीड महिना लागला. आधी काकूंकडून शिवणाच्या टेपनं पाठ मोजून घेतली. मान खाली घातल्यावर जो मणका सगळ्यात वर येतो तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. सॅक उंचीवरून घ्यायची नसते, या मापावरून घ्यायची असते. म्हणजे कमरपट्टा हाडावर बसतो आणि ओझं खांद्यांऐवजी कंबर उचलते. नानांची पाठ सेहेचाळीस सेंटिमीटर निघाली. हा आकडा त्यांनी आठवडाभर भेटेल त्याला सांगितला. मग लक्ष्मी रोड झाला, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट झाली, आणि शेवटी गावाबाहेरचं एक प्रचंड मोठं खेळाच्या सामानाचं दुकान. रिकामी सॅक पाठीला लावून काही कळत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. म्हणून ते घरून वजन घेऊन गेले, पाच किलोची एक आणि एकेक किलोच्या दोन, अशा आंबेमोहोराच्या पिशव्या. बऱ्याच विमानांत हातातल्या सामानाला सातच किलोची मुभा असते, म्हणून बरोबर सात.

दुकानात नानांनी अकरा सॅका तांदूळ भरून पाहिल्या. प्रत्येकीसह तंबूंच्या विभागापासून सायकलींच्या विभागापर्यंत चार फेऱ्या.

"कुठला ट्रेक, काका?" तिथल्या पोरानं कौतुकानं विचारलं.

"ट्रेक नाही. रेल्वे."

"रेल्वेला ट्रॉली घ्या ना मग. खाली मस्त ऑफर आहे."

नानांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं स्टोअर्समध्ये स्लिपशिवाय आलेल्या माणसाकडं पाहत असतील. सॅक ठरली, पैसे दिले, आणि बाहेर पडताना दारावरच्या वॉचमननं बिलाशी सामान ताडायला सुरुवात केली. सॅक एक, शिट्टी एक. "आणि हे तांदूळ?" तांदळाचं बिल नव्हतं. नाना चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते भलतेच खूश झाले. "याला म्हणतात गेटपास," घरी येईपर्यंत ते तीनदा म्हणाले. "नोकरी मनापासून करतो पोरगा."

सॅक आल्यावर सराव आला. पर्वतीच्या पायऱ्या रोज सकाळी, पाठीवर सात किलो आंबेमोहोर. टेकडीवरची नेहमीची मंडळी "हिमालय का?" विचारायची आणि नाना "बव्हेरिया" म्हणून पुढं सरकायचे. पण चढणं ही खरी परीक्षा नव्हेच, खरी परीक्षा गाडीत शिरण्याची, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि मला लोणावळा लोकल घडली.

योजना अशी होती. शिवाजीनगरला चढायचं. मग खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी असं करत प्रत्येक स्टेशनावर सॅकसकट फलाटावर उतरायचं, पट्टे आवळायचे, वळायचं, पुन्हा चढायचं, सॅक वरच्या फळीवर टाकायची. माझ्याकडं स्टॉपवॉच. परदेशात छोट्या स्टेशनांवर गाडी एक-दोन मिनिटं थांबते; आपली लोकल तेवढंही थांबत नाही. "म्हणजे इथं जमलं की तिथं आपण राजे."

खडकीला जमलं. दापोडीला एका दूधवाल्याच्या रिकाम्या कॅनमध्ये पाय अडकला, तरी जमलं. पिंपरीला नानांनी जुन्या कारखान्याच्या दिशेनं मान तुकवली, त्यात पाच सेकंद गेले. चिंचवडपर्यंत डब्यातल्या लोकांना वाटत होतं म्हातारबाबांना स्टेशन सापडत नाहीये. "काका, नक्की कुठं उतरायचंय?" एका बाईनं काळजीनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिथून पुढं मात्र अख्खा डबा सामील झाला. आकुर्डीला वाट मोकळी करून दिली गेली. देहूरोडला "चला काका, चला!" असा गजर. बेगडेवाडीला वीस सेकंद, नवा उच्चांक, टाळ्या पडल्या.

घोरावाडीला घात झाला. स्टोअर्सचा नियम 'आधी माल, मग माणूस'. त्यानुसार नानांनी परत चढताना सॅक आधी वर केली. दारातल्या एका मुलानं ती अदबीनं घेतली, आत नेऊन फळीवर ठेवली, आणि गाडी सुटली. सॅक आणि मी तळेगावला गेलो. नाना घोरावाडीला राहिले.

मिनिटभरात फोन. मला वाटलं, माझी नाही तरी स्वतःची विचारपूस करतील.

"कशी ठेवलीयस? उभी का आडवी?"

"आडवी."

"उभी कर. पाठीचा भाग भिंतीकडं."

पुढच्या लोकलनं ते येईपर्यंत मी तळेगावच्या बाकावर सॅकशेजारी बसून होतो. परतीच्या प्रवासात त्यांनी वहीत नियम दुरुस्त केला: 'आधी माणूस, मग माल. सॅक पाठीवरून काढूच नये.' फळीवर टाकण्याचा प्रश्न त्यामुळं निकालात निघाला. पुण्यापर्यंत नाना बाकाच्या कडेवर, गरोदर बाईसारखे जपून, टेकून बसले होते.

याच सुमाराला ज्येष्ठ सरत आला आणि पालख्या पुण्यात आल्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन दिवस मुक्काम. नाना दरवर्षी दर्शनाला जातात. यंदा खिशात हुकाचा वजनकाटा होता. आळंदीहून पंढरपूरपर्यंत, अडीचशे किलोमीटरच्या घरात चालणारा माणूस पाठीवर नेमकं किती वागवतो, हे जाणून घेण्याची ही वर्षातली एकच संधी, असं त्यांनी मला सांगितलं. एका मांडवात सत्तरीच्या पुढची एक आजी पाय पसरून बसली होती. नानांनी नमस्कार केला आणि परवानगी मागून तिची पिशवी काट्याला लावली. दोन किलो नऊशे. आत एक लुगडं, एक चादर, प्लास्टिकचा कागद, हरिपाठ, ताटली आणि मिश्रीची डबी.

"आजी, पाऊस आला तर?"

"भिजायचं."

"आणि मग?"

"वाळायचं."

नाना दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. वहीसुद्धा उघडली नाही. आता हे सॅक विकून टाकणार की काय, असं काकूंनाही वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडं आले तेव्हा चेहरा उजळला होता. कुणाकडून तरी त्यांनी काढून आणलं होतं की दिंडीचा ट्रक असतो. तंबू, अंथरुणं, शिधा, जास्तीचे कपडे सगळं त्यात जातं.

"म्हणजे ते चेक-इन झालं!" नाना म्हणाले. "हँड बॅगेज फक्त दोन किलो नऊशे. मग मी सात नेतो, त्यात काय जास्त आहे?"

आता आतल्या मालाविषयी. कपड्यांचं सूत्र साधं होतं, एक अंगावर, एक दोरीवर, एक सॅकमध्ये. अडचण दोरीवरच्याची. कुठला कपडा किती वेळात वाळतो याची चाचणी नानांनी जुलैत, आपल्या गॅलरीत घेतली. पुण्यातला जुलै. बनियन एकतीस तासांनी 'जवळपास कोरडा' अशी नोंद आहे आणि पुढं 'वास' एवढाच शेरा. मग मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा टी-शर्ट आला, जो लगेच वाळतो आणि चार-चार दिवस न धुता घातला तरी घामाचा वास धरत नाही म्हणतात. त्याची किंमत ऐकून काकू म्हणाल्या, "तेवढ्यात मेंढी आली असती."

खाण्याच्या बाबतीत नानांनी नियम वाचून काढले होते, आणि नियम वाचलेला पुणेकर काय करतो ते आपण जाणतोच. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. मांसाचं त्यांना सुतक नव्हतं. पण साजूक तूप गेलं, पेढे गेले. बाकरवडी तरली. मेतकूट तरलं. सुक्या खोबऱ्यापाशी गाडी पुन्हा अडली. विमानवाहतुकीच्या हिशेबात सुकं खोबरं धोकादायक मालात मोडतं, कारण त्यातल्या तेलामुळं ते आपलं आपण तापून पेट घेऊ शकतं.

"म्हणजे माझी लसणाची चटणी स्फोटक?" काकूंनी विचारलं.

"इतकी वर्षं मी काय म्हणत होतो," नाना वहीत बघत पुटपुटले.

खोबरेल तेलाचं प्रकरण मात्र थेट तत्त्वज्ञानात शिरलं. हातातल्या सामानात द्रवपदार्थाची बाटली शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही. पण खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. मग ते द्रव का? नानांनी दोनशे मिलिलिटरची बाटली आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवली आणि ती विमानतळावर उलटी धरून दाखवण्याची तालीम आमच्यासमोर केली. थेंब पडला नाही. सुरक्षावाले मलमासारख्या पदार्थालाही द्रवच धरतात, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण तो मुंबईपर्यंतच्या उकाड्याच्या विचारानं पडला असावा, कारण बाटली शेवटपर्यंत वहीत होती. निघायच्या दिवशी काकूंनी न बोलता त्यातलं तेल दोन छोट्या बाटल्यांत भरून आपल्या तांबड्या बॅगेत टाकलं.

आणखी एक वस्तू आहे, जिचा उल्लेख प्रवासवर्णनांत सहसा येत नाही, पण युरोपला निघालेल्या प्रत्येक मराठी घरात तिच्यावर दार लावून चर्चा होते. तिकडं कागद असतो, पाणी नसतं. नानांच्या वहीत ती 'पात्र, घडीचं, सिलिकॉन, नग १, ऐंशी ग्रॅम' अशी आहे. कप्पा सगळ्यात वरचा, शेरा 'तातडीचे.' अख्ख्या यादीतली माझ्या मते हीच एक ओळ कुठल्याही चर्चेशिवाय मंजूर झाली.

व्हिसा, विमा, पास या गोष्टी नानांनी अगदी किरकोळीत उरकल्या. शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. "माझा उतरवला, सॅकचा कुणी उतरवत नाही," एवढीच तक्रार. पास युरेलचा, तो युरोपबाहेरच्यांसाठी १९५९ पासून आहे. साठीच्या पुढं त्यावर दहा टक्के सूट मिळते, हे कळल्यावर मात्र नाना हळवे झाले. आपल्या रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना चाळीस टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. हे दुःख त्यांनी पाच वर्षं उराशी बाळगलंय. "बघ, परक्यांनी ओळखलं म्हातारपण," ते म्हणाले. आणि जर्मनीत गाडी सहा मिनिटांच्या आत आली तर ती वेळेवरच धरतात, तरीसुद्धा २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर आल्या, हे मी पेपरात वाचून दाखवलं, तेव्हा घाबरण्याऐवजी ते म्हणाले, "छान. पट्टे आवळायला वेळ मिळेल."

निघण्याच्या आदल्या रात्री अंतिम वजन झालं. सहा किलो नऊशे चाळीस. साठ ग्रॅम शिल्लक! नाना त्या साठ ग्रॅमकडं बोनस मिळाल्यासारखे बघत होते. त्यात काय न्यावं यावर दोन तास विचार झाला आणि शेवटी वहीच न्यायची राहिलीय हे लक्षात आलं. वही एकशे ऐंशी ग्रॅमची निघाली. एक मोजा, तो अंगठ्याशी विरळ असलेला, जोडीदारासह उतरवला गेला, शिट्टी गेली, आणि वहीची न लिहिलेली पानं फाडली गेली.

मग तीन आठवडे सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येत राहिले. पहिला म्युनिकचा: स्टेशनच्या बाकावर सॅक. दुसरा साल्झबुर्गचा: पुलाच्या कठड्याला टेकून सॅक, मागं किल्ला असावा. युंगफ्राउयोखला, १९१२ पासून जिथं रेल्वे जाते त्या ३,४५४ मीटर उंचीवर, बर्फात रोवून उभी केलेली सॅक, पावसाळी कव्हर घातलेली. 'नाना कुठायत?' असं कुणीतरी विचारलं. 'फोटो काढतोय,' उत्तर आलं. प्रत्येक चौकटीच्या कडेला तांबड्या बॅगेचा दांडा आणि त्यावर काकूंचा हात मात्र न चुकता दिसायचा. एकदा फक्त हातात आइस्क्रीम होतं.

परतल्यावर मी भेटायला गेलो. स्वित्झर्लंड कसं आहे विचारलं. "डाव्या खांद्याच्या पट्ट्याला आणखी एक लूप हवा होता," नाना म्हणाले. सॅक काट्याला लावलेलीच होती: नऊ किलो दोनशे. मी भुवया वर केल्या.

"गोडसे भटजी आठव," ते म्हणाले. 'माझा प्रवास'वाले गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरले आणि आईवडलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. "परतीचं वजन वाढतंच. हे दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध झालंय."

नानांची कावड पितळी होती. काकूंनी स्विस गाईच्या गळ्यातली घंटा घेतली होती, चांगली दोन किलोंची, आणि तांबड्या बॅगेत जागा नव्हती. "यांची साडेसदतीस लिटरची आहे ना," काकू म्हणाल्या. त्यामुळं इंटरलाकेनपासून म्युनिकपर्यंत नाना प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक फलाटावर, प्रत्येक डब्यात वाजत गेले. एका शांत डब्यात एका बाईंनी त्यांना बोट ओठांवर ठेवून दाखवलं म्हणे. त्यांनी मोजे आत कोंबले, तर घंटा नुसती ठणठणण्याऐवजी कण्हायला लागली.

ती घंटा आता नानांच्या फ्लॅटच्या दाराला टांगलेली आहे. दार उघडलं की आमच्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. परवा आम्ही दोन दिवसांसाठी गणपतीपुळ्याला निघालो होतो; बायको बॅग भरत होती, मी तिला हे काढ, ते टाक असं सांगत होतो. एवढ्यात वर घंटा वाजली. पायऱ्यांवर चपला वाजू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर किणकिण असा बारीक आवाज, हुकाचा काटा खिशातल्या किल्ल्यांवर आपटल्याचा.

"ती दुसरी पँट पलंगाखाली टाक," मी म्हटलं. "आणि इस्त्री पण."